मुलूखमैदान तोफेचं भाडं

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला मराठीत ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतात. बहुतेकांची त्या तोफेशी ओळख एवढीच. खरी तोफ विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. तिचं सिंहाचं तोंड, त्या जबड्यात चिरडलेला हत्ती, तिच्या आवाजाच्या दंतकथा यांवर भरपूर लिहून झालं आहे. मी पिंपळे गुरवला बसून अवजड मालाची दलाली करतो. चाकण, भोसरीच्या कारखान्यांतले प्रेस, बॉयलर, टाक्या कुणाच्या ट्रेलरवर चढतील, कुठल्या रस्त्याने जातील हे ठरवायचं आणि त्यासाठी परवानग्या काढायच्या, हे माझं काम. आमच्या धंद्यात अशा मालाला ओडीसी म्हणतात. त्यामुळे तोफ पाहिली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, ही इथवर आणली कशी?

तोफ विजापूरची नाहीच. ती निजामशाहीच्या अहमदनगरात हिजरी ९५६ मध्ये, म्हणजे १५४९ साली ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरलेलं आहे, मुहंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये आदिलशहाचा मुत्सद्दी मुरार जगदेव याने ती परांड्याहून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. गोष्ट सांगणारे हत्ती मोजतात, माझं लक्ष भीमेकडे जातं. परांड्याहून विजापूरला जायचं तर भीमा ओलांडावीच लागते. पूल नाही. उतार शोधायचा, काठाची दरड कापून ढाळ काढायचा, वाळूत चाक रुतणार नाही असं काहीतरी अंथरायचं. आठवडाभर आधी कुणीतरी ही वाट चालून पाहिली असणार. आज आम्ही त्याला रूट सर्व्हे म्हणतो. आणि ते चारशे बैल कुणाच्या गोठ्यातले? सरकारी कामाला वेठ धरायची त्या काळी रीतच होती. नांगराचे बैल तोफेला जुंपले गेले असतील तर त्या गावांनी भाडं भरलं, एवढंच म्हणता येईल.

तोफेचं वजन किती? कुठे चाळीस टन, कुठे पंचावन्न. इतिहासाच्या पुस्तकात हा फरक चालून जातो. आमच्याकडे पंधरा टनांत पूल जातो. एका पार्टीने भाडं वाचवायला साठ टनांचं यंत्र अठ्ठेचाळीसचं म्हणून कागदावर लिहून दिलं होतं. गाडी काट्यावर चढली तेव्हा खरं कळलं. तोवर ॲक्सल ठरले होते, अर्ज गेले होते, मार्गावरच्या एका जुन्या पुलाची तपासणी त्या खोट्या आकड्यावर झाली होती. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पार्टी माझ्यावरच चिडली.

वजनाची गोष्ट निघाली की मला तुळापूर आठवतं, आणि तिथे पुन्हा हाच मुरार जगदेव भेटतो. चाकण आणि भोसरीच्या मधून वाहणारी इंद्रायणी तिथे भीमेला मिळते. १६३३ मध्ये त्या संगमावर त्याला हत्तीच्या वजनाइतकं दान करायचं होतं. हत्ती तोलणारा काटा कुठून आणणार? युक्ती शहाजीराजांनी सांगितली असं म्हणतात. हत्तीला नावेत चढवा, नाव जिथवर बुडेल तिथे खूण करा, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरा आणि मग ते दगड थोडे थोडे तोला. नागरगावचं नाव त्यावरून तुळापूर पडलं. ज्याने वर्षभर आधी तोफ ओढून नेली त्याच माणसाच्या नावावर ही गोष्ट असावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. याच मुरार जगदेवाच्या फौजेने १६३० च्या सुमारास पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आता ओढायला हत्ती लागत नाहीत, कागद लागतात. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर गेली की परवानगी आली, आणि तीही माल सुटा करता येत नसेल तरच. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय, राज्याच्या रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, आडव्या तारांसाठी महावितरण, फाटक लागलं तर रेल्वे, शिवाय प्रत्येक शहराचे वाहतूक पोलिस. मोठा बोजा पुलावरून न्यायचा तर मधोमध, ताशी पाच किलोमीटरच्या आत, आणि पुलावर दुसरं वाहन नको. मागे अडकलेले लोक आम्हाला शिव्या देतात. द्याव्यात.

इस्रोसाठी बनवलेलं एक ऑटोक्लेव्ह जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालं आणि जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोचलं. अंतर सुमारे १७०० किलोमीटर, वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, गाडीला ७४ चाकं. दिवसाला सरासरी पाच किलोमीटर. वाटेत झाडं छाटली, तारा उचलल्या, आणि टाळेबंदीत गाडी महिनाभराहून अधिक काळ आंध्रात उभी राहिली. बातम्या ट्रकच्या चाकांच्या झाल्या. बरोबर चालणाऱ्या तीसेक माणसांचं ते वर्ष कसं गेलं, हे मला जास्त वाचायला आवडलं असतं.

तोफेला विजापूरहून हलवायचे बेत नंतरही झाले. १८२३ मध्ये मुंबई सरकारला ती इंग्लंडच्या राजाला नजर करायची होती. ती किनाऱ्यापर्यंत कशी नेता येईल हे पाहायला एक इंजिनिअर पाठवला गेला. रस्त्यांची अवस्था पाहता ते जमणार नाही असं ठरलं. माझ्या लेखी हा दख्खनमधला सर्वांत मोलाचा रूट सर्व्हे. मराठे हरले होते, पेशवाई बुडाली होती, पण सह्याद्रीचे घाट तिथेच होते.

मग १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरने विजापुरातला निरुपयोगी माल विकून टाकायचा हुकूम काढला. तोफेचा लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. रक्कम फारच कमी म्हणून विक्री रद्द झाली. वाचणारे त्या बोलीला हसतात. मला ती बोली हिशेबी वाटते. धातूचा भाव त्या माणसाला ठाऊक असणार. त्यातून त्याने बैल, माणसं, बुरुजावरून उतरवणं आणि भीमा वजा केली असेल, तर हातात दीडशेच उरतात.