कुर्ल्याची काया, जपानी काळीज : प्रीमियर ११८ एनईचा न मिटलेला वाद

१/ मुंबईच्या उपनगरांत रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचे मालक एकत्र जमले, की एक वाद हमखास रंगतो. चौकोनी बांध्याची, चौकोनी दिव्यांची एक गाडी मधे उभी असते आणि भोवती दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कुर्ल्याने घडवलेली ही सर्वोत्तम मोटार. दुसरा म्हणतो, ही धड इटालियन नाही, धड जपानी नाही. गाडीचे नाव प्रीमियर ११८ एनई. या वादामागे चाळीस-पन्नास वर्षांचा औद्योगिक इतिहास दडलेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ वालचंद हिराचंद यांच्यापासून. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे स्वदेशी उद्योग उभारण्याचा ध्यास घेतला होता. बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी आणि १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही त्या ध्यासाची फळे. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व प्लिमथ जातीची वाहने बाहेर पडू लागली.

३/ या गाड्या प्रचंड होत्या आणि पेट्रोल ढोसत. नवस्वतंत्र देशाच्या मध्यमवर्गाला त्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून १९५०च्या दशकाच्या आरंभी प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला. १९५४पासून फियाट ११०० येथे तयार होऊ लागली. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवले, की नुसती जुळणी चालणार नाही, सुटे भागही हळूहळू इथेच घडवावे लागतील. शिवडीत १९२८पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने तेव्हाच गाशा गुंडाळला. कुर्ला मात्र टिकले.

४/ पुढचा भाग सर्वपरिचित आहे. १९६४ साली ११०० डी आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाकासारखे आसन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मूळ आराखडा १९५०च्या दशकातला. परवाना राज्यात ग्राहकाला निवड नव्हती आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जिच्यासाठी रांग लागलेली आहे ती गाडी सुधारण्याची घाई कोणत्या कारखानदाराला असणार?

५/ ही रांग १४ डिसेंबर १९८३ रोजी हलली. त्या दिवशी मारुती ८००ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. तिच्यामागे सुझुकी होती. जपानी यंत्र कमी पेट्रोल पिते, पहाटेच्या गारठ्यातही पटकन सुरू होते आणि गॅरेजचे तोंड क्वचितच पाहते, हे भारतीय ग्राहकाने प्रथमच अनुभवले. पद्मिनीचे वय एका रात्रीत उघडे पडले.

६/ येथे एक मोठा प्रवाह ध्यानात घ्यायला हवा. १९८०च्या दशकाच्या मध्यात परवान्यांची बंधने सैल झाली आणि इंधन वाचवणाऱ्या परदेशी तंत्रज्ञानाला वाट मिळाली. हिरो होंडा, इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी बजाज. हलक्या मालवाहू गाड्यांत ऑल्विन निसान, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. अवघ्या काही वर्षांत भारतीय रस्त्यावर जपानी यंत्रांचा आवाज घुमू लागला. ११८ एनई ही याच लाटेची अपत्य.

७/ तिची जन्मकथा मात्र वाकड्या वळणांची आहे. फियाट १२४ ही गाडी १९६६ साली इटलीत आली आणि १९६७ची युरोपातील सर्वोत्तम मोटार ठरली. सोव्हिएत संघाने तिच्यावरूनच लाडा घडवली. स्पेनमध्ये सेआत कंपनीने १९६८पासून ती बनवली आणि १९७५ साली जॉर्जेत्तो जुजारो यांच्याकडून तिचा चेहरामोहरा बदलून घेतला. चौकोनी दिवे तेव्हाचे. स्पेनमधले उत्पादन १९८०च्या सुमारास थांबले आणि पत्रा ठोकण्याचे ते साचे पुढे प्रीमियरकडे आले.

८/ काया मिळाली, पण काळीज? प्रीमियरने निसानचे ए१२ इंजिन निवडले. १९८५ साली गाडी बाजारात आली. नावातील ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. इटलीत आखलेली, स्पेनमध्ये सजवलेली, जपानी यंत्रावर चालणारी आणि कुर्ल्याच्या कंपनीने विकलेली गाडी! त्या काळी हे एकमेव उदाहरण नव्हते. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाने व्हॉक्सहॉलची ब्रिटिश काया घेतली होती आणि पुढे तिच्यातही जपानच्या इसुझूचे इंजिन बसले.

९/ आता ए१२ची ओळख. हे इंजिन १९७० साली डॅटसन १२०० या गाडीतून, म्हणजे निसानच्या ‘सनी’ मालिकेतून जगासमोर आले. तिचे दोन दारांचे कूपे रूप वजनाने जेमतेम ७०० किलोंचे. जपानमध्ये १३०० सीसीपर्यंतच्या शर्यतींत या चिमुकल्या सनीने १९७०चे दशक गाजवले. शर्यतीसाठी सिद्ध केलेली तिची इंजिने मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास जात. दांड्यांनी झडपा उघडणाऱ्या साध्या रचनेच्या यंत्रासाठी हा विक्रमच म्हणायचा. जपानी स्पोर्ट्‌स मोटारींच्या चाहत्यांना ए१२ आजही प्रिय आहे ते यामुळे.

१०/ म्हणजे कुर्ल्याच्या संसारी गाडीत शर्यतीच्या घराण्याचे रक्त होते. समर्थक पक्षाचा पहिला मुद्दा हाच, आणि त्याला तांत्रिक आधार आहे. पद्मिनीच्या इंजिनात मुख्य दंडाला, म्हणजे क्रँकशाफ्टला, तीन बेअरिंगांचा आधार होता. ए१२ मध्ये पाच. आधार जास्त म्हणजे दंड कमी लवचिकतो, कंप कमी, वेगात स्थैर्य अधिक. पद्मिनीतून उतरून ११८ एनईत बसणाऱ्याला जो गुळगुळीतपणा जाणवे, त्याचे मूळ यात आहे. गिअरही दांड्यावरून जमिनीवर आला होता.

११/ दुसरा मुद्दा मापाचा. युरोपातल्या मूळ फियाट १२४चे इंजिन ११९७ सीसीचे होते, निसानचे ११७१ सीसीचे. फरक नगण्य. त्यामुळे गाडीच्या बांध्याला हे यंत्र परके वाटले नाही. रॅलीच्या मैदानातही ११८ एनई धावली आणि मारुतीच्या जिप्सीने व पुढे एस्टीमने ती जागा घेईपर्यंत भारतीय चालकांचे ती एक विश्वासाचे साधन होती.

१२/ आता विरोधी पक्ष. त्यांचा आक्षेप शक्तीवर आहे. ११८ एनईची शक्ती ५२ अश्वशक्ती, तर डॅटसन १२००ची जाहिरातीत ६८. मोजण्याच्या पद्धती निराळ्या असल्याने ही तुलना सरळ करता येत नाही, हे येथे नमूद करायला हवे. तरीही तात्पर्य खरे आहे. जपानमध्ये जे इंजिन हलक्या कूपेला पळवत होते, ते येथे चार दारांच्या प्रशस्त सेडानला ओढत होते. पाच माणसे आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढताना घराणे कामी येत नाही, वजन आडवे येते.

१३/ दुसरा आक्षेप पत्र्याचा, आणि त्यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे गाडीची जमीन, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी कुजू लागतात. इंजिन तीस-चाळीस वर्षे तग धरते, पण भोवतीची काया विरते. जुन्या मालकांच्या बोलण्यात मेकॅनिकपेक्षा डेंटर-पेंटरचा उल्लेख अधिक येतो तो यामुळे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या बाजारात यंत्राचे भाग शोधून मिळतात. धड पत्र्याचे दार मिळणे अवघड.

१४/ ए१२चे नशीब अन्यत्र कसे निघाले, तेही पाहण्याजोगे आहे. जपानमध्ये याच घराण्याचा छोटा ‘सनी ट्रक’ १९९०च्या दशकापर्यंत बनत राहिला. दक्षिण आफ्रिकेत त्याचे भावंड निसान १४०० या नावाने २००८पर्यंत विकले गेले. म्हणजे या यंत्राला ‘कालबाह्य’ म्हणावे, तर जगाने ते चार दशके वापरले. साधेपणा हा दोष आहे की गुण, हे गाडी कोणत्या रस्त्यावर आणि कोणाच्या हातात आहे यावर ठरते.

१५/ कुर्ल्याचे नशीब तितके लांबले नाही. उदारीकरणानंतर स्पर्धा आली. प्रीमियरने प्यूजोशी आणि पुन्हा फियाटशी संसार मांडून पाहिला. कामगारांचे लढे, नुकसान आणि बदललेली बाजारपेठ यांच्या कचाट्यात कारखाना सापडला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती जात अधिकृतपणे रस्त्यावरून नाहीशी झाली.

१६/ पद्मिनीच्या निरोपाला वृत्तपत्रे धावली, चित्रे निघाली, आठवणी छापून आल्या. ११८ एनईच्या वाट्याला असा निरोप आला नाही. ती टॅक्सी म्हणून शहराचे प्रतीक बनली नव्हती. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात नोकरी-व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांची ती गाडी. घाटकोपर-मुलुंडच्या सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली ती म्हातारी झाली. इतिहासात प्रतीके टिकतात, वापरातल्या वस्तू विसरल्या जातात. तिच्याविषयीच्या वादाला म्हणूनच महत्त्व आहे. तिची आठवण जिवंत ठेवणारी जागा आज तेवढीच उरली आहे.

१७/ आणि हा वाद आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. दुसरीकडे, २०२१च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, पण त्यासाठी वय पन्नास वर्षांहून अधिक हवे. १९८५ची ११८ एनई त्या उंबरठ्यावर २०३५ नंतरच पोहोचेल. तोवर ती कायद्याच्या लेखी वारसा नव्हे, फक्त जुनी गाडी.

१८/ त्याच नियमांची दुसरी अट अधिक विचार करायला लावणारी आहे. वाहन मूळ रूपात राखलेले असावे, त्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत. मालकांचे दोन पक्ष नेमके येथे आमनेसामने येतात. एक म्हणतो, कुजलेला पत्रा बदला, आधुनिक इंजिन बसवा, सीएनजी लावा, पण गाडी धावती ठेवा. उभी गाडी म्हणजे भंगार. दुसरा म्हणतो, ए१२ काढले की ११८ एनई संपली. मग उरतो तो स्पॅनिश पत्रा.

१९/ या भांडणात इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणती बाजू घ्यावी? माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, पण ‘शुद्धते’च्या कारणाने नव्हे. ही गाडी कधीच शुद्ध नव्हती. तिचे मूळ रूप हेच मिश्रण आहे. परवाना राज्याच्या अखेरीस भारतीय कारखानदार जगाच्या बाजारातून काय उचलू शकत होता आणि त्यातून काय घडवू शकत होता, याचा ती धातूतला दस्तऐवज आहे. इंजिन बदलले, तर त्या दस्तऐवजाचे सर्वांत बोलके पान फाडले जाते.

२०/ पहिल्या पक्षाचेही एक म्हणणे मात्र खोडता येत नाही. दस्तऐवज बंद कपाटात कुजला, तर तोही नष्टच. म्हणून मधला मार्ग असा : पत्रा बदलावा लागला तर बदलावा, काय बदलले आणि केव्हा बदलले याची नोंद वहीत ठेवावी, पण यंत्र दुरुस्त होईल तोवर दुरुस्त करावे. किल्ल्याची ढासळलेली भिंत पुन्हा रचताना नवा दगड कोणता, हे कळेल अशी खूण ठेवतात. गाडीलाही तोच न्याय लावता येईल.

२१/ कुर्ल्याच्या त्या परिसरात आज टोलेजंग इमारती आहेत. कारखान्याचा भोंगा नाही, पाळीला निघालेल्या कामगारांची गर्दी नाही. ‘प्रीमियर रोड’ हे नाव तेवढे उरले आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असेल?

२२/ आपल्या घरच्या जुन्या छायाचित्रांत चौकोनी दिव्यांची अशी एखादी गाडी असेल, तर मागच्या बाजूला गाडीची पाटी, वर्ष आणि ती कोणी, कशी घेतली होती ते आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. पुढच्या काही वर्षांत गाड्या भंगारात जातील आणि सांगणारेही उरणार नाहीत. कारखान्यांचा इतिहास ताळेबंदांत मिळतो. माणसांनी त्या वस्तूंबरोबर कसे दिवस काढले, तो इतिहास मात्र आपणच नोंदवायचा असतो.