विवरणपत्र, विद्यार्थ्याचे

विद्यार्थ्याने आपल्या उत्पन्नाचा आयकर खात्याला दिलेला वार्षिक हिशेब. शिकत असल्याची वेगळी सवलत कायद्यात नाही. तो वय आणि उत्पन्न पाहतो. नव्या करप्रणालीत 2025-26 या आर्थिक वर्षाच्या 4 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि एरवी विवरणपत्राची सक्तीही नाही. तरीही ते भरावे, कारण कर आधीच कापला गेलेला असू शकतो.

नागपुरात इतवारीला लागून असलेली गांधीबाग ही घाऊक कापडाची पेठ. हिशेब आणि बिले सांभाळायला अशा पेठेत वाणिज्य शाखेची मुले कॉलेज सांभाळून काम करू शकतात. मोबदला पगार म्हणून न देता व्यावसायिक शुल्क म्हणून दिला आणि तो वर्षात 50,000 रुपयांच्या वर गेला, तर मोठ्या पेढीला 10 टक्के कर कापावा लागतो. 60,000 ठरले असतील तर हातात 54,000 येतात. पॅन दिलेला नसेल तर कपात दुप्पट, 20 टक्के. दुसरी कमाई नसलेल्या मुलाचा खरा कर शून्य असतो, म्हणजे ते 6,000 रुपये त्याचेच. पण मागितल्याशिवाय परत येत नाहीत, आणि विवरणपत्र हीच ती मागणी. मुदतीत भरले तर परताव्यावर 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. घरून पैसे न मागता शिकणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

कपात आपल्या पॅनवर जमा झाली का, हे आयकर खात्याच्या 26एएस या वार्षिक करपत्रकात दिसते. ते आधी पाहावे. पेढीने पॅन चुकीचा लिहिला असेल तर तो तिच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा लागतो. 'सहज' हा सोपा नमुना व्यावसायिक शुल्काला चालत नाही. भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करायची असते, त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी पुरतो. आयकर सेवेतील अधिकारी घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी नागपुरातच आहे. त्या शहरातल्या वाणिज्याच्या मुलाला एवढे तरी वर्गातच शिकवले जायला हवे.

शेअर विकून तोटा झाला असेल तर मुदत अधिकच महत्त्वाची. भांडवली तोटा पुढची 8 वर्षे नफ्यातून वजा करता येतो, मात्र विवरणपत्र वेळेत भरले असेल तरच.

अठरा वर्षांखालील मुलाचे व्याज सहसा पालकांच्या उत्पन्नात मिळवतात. स्वतःच्या मेहनतीची वा कौशल्याची कमाई मात्र त्याच्याच नावावर राहते.