कुत्रीचं बाळंतपण

आमच्या लहानपणी कुत्रं विकत घेतलं असं कुणी सांगितलं असतं, तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं. बैल विकत घ्यायचे, म्हैस घ्यायची, जत्रेसाठी कोंबडा घ्यायचा. कुत्रं मात्र शेजाऱ्याच्या उडवीखालून यायचं. आमचं गाव पनवेल तालुक्यात, खाडीच्या काठाला. घरांपुढे भातशेती, पुढे खारबांध, बांधापलीकडे मिठागरं आणि तिवरं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड झालं १९८१ साली. त्या गावात माणसागणिक काम होतं तसं कुत्र्यालाही होतं. खळ्यावर भात पडलं की रात्रभर राखण, वाळत घातलेल्या सुकटीवर मांजर-कावळा येऊ द्यायचा नाही, आणि तिवरांतून कोंबड्या न्यायला कोल्हे यायचे त्यांना बांधापलीकडेच थोपवायचं. बदल्यात त्याला उरलेली भाकरी, मासळीचे काटे आणि पेजेचं पाणी.

कुत्री माजावर यायची भादव्यात. म्हणून तर भादव्यातली कुत्री असं बोललं जातं. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. हिशेब केला तर ती व्यायची कार्तिकात. तोवर पाऊस संपलेला, भात कापून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. उडवीखाली पोकळ करून कुत्री बसायची, ऊब तयार आणि जमीन कोरडी. पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. कुत्रीला ते आधीच ठाऊक होतं.

ती व्यायली की आम्ही पोरं घरोघर फिरून तांदूळ, गूळ आणि वाटीभर तेल मागायचो. आई त्याचं पातळ शिजवून द्यायची. "बालंतीन हाय ती," म्हणायची, "तिचे पुढ्यान कमी ठेवू नको." नाकं मुरडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा चिमूटभर का होईना, घालायच्या. आणि एक दंडक होता. डोळे उघडून, कालवण-भात स्वतः खाऊन, आईला ओलांडून अंगणात यायला लागल्याशिवाय पिल्लू उचलायचं नाही. हे भूतदयेपोटी होतं असं मी म्हणणार नाही. आधी उचलायला गेलात तर कुत्री हात फोडायची, हे मुख्य कारण.

पण त्याला चांगला काळ म्हणायला माझी जीभ वळत नाही. सहातली दोन जगली तर पुष्कळ. माद्या पिशवीत घालून रात्री मिठागरावर सोडून देणारे आमच्याच गावात होते, आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. पावसाळ्यात अवेळी व्यायलेल्या कुत्रीचं एकही पिल्लू टिकलेलं मला आठवत नाही.

डॉक्टर हा प्रकार कुत्र्याच्या वाट्याला नव्हताच. सरकारी दवाखान्याला आम्ही गुरांचा दवाखाना म्हणायचो आणि तो खरंच गुरांचा होता. फऱ्या, घटसर्प, खुरकूत यांच्या लसी बैलांना टोचायच्या. कुत्र्याचा आणि दवाखान्याचा संबंध फक्त ते पिसाळलं तर, आणि तोही माणसांच्या दवाखान्याशी. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माणसं आमच्या पिढीने पाहिली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस २००५च्या सुमारास देशातून बंद झाली.

खाडीपलीकडे मुंबईत गोष्ट वेगळी होती. तिथे कुत्र्यांवरून १८३२ साली दंगल झाली होती. सरकारने मोकाट कुत्री मारायला माणसं लावली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तिथला पांजरपोळ उभा राहिला. परळला जनावरांचं इस्पितळ झालं, आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे आमच्या गावापासून मचव्याच्या वाटेवर एवढी विद्या शंभर वर्षं नांदत होती. पण कुत्र्याला घेऊन मुंबईला जायचं, तर भाडं कुणाचं आणि भात कोण झोडणार?

मग एक नवा रोग आला. १९७८च्या सुमारास तो जगभर एकदम दिसू लागला आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडे पोचला. पार्वो. पिल्लू सकाळी खेळायचं, संध्याकाळी कोपऱ्यात बसायचं, दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण. तिचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. आम्ही त्याला नजर म्हटलं, उष्णता म्हटलं, कुणी भानामतीसुद्धा म्हणालं. रोगाचे जंतू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणून एका उडवीखालची पिल्लं गेली की पुढच्या वर्षीची त्याच जागी जायची. लोक म्हणायचे जागा वाईट आहे. बरोबरच म्हणायचे, फक्त कारण वेगळं होतं.

याच काळात आमचं सगळंच हललं. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या पंच्याण्णव गावांवर नव्या शहराचा आराखडा आला. १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटील साहेबांच्या मागे उभी राहिलेली ती पिढी, तिच्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी कुत्र्यांपुरतंच बोलतो. शेत गेलं तसं खळं गेलं, खळं गेलं तशी राखण गेली. कुत्रं बिनकामाचं झालं. भूखंड बिल्डरला दिले, गावात तीन-तीन मजली घरं झाली, आणि फाटकावर रॉटवायलर दिसू लागला. पूर्वी दारातल्या बैलजोडीवरून घराची ऐपत कळायची, आता कुत्र्याच्या जातीवरून. विमानतळासाठी दहा गावं उठली तेव्हाही मी पाहिलं. ट्रकमध्ये माणसांबरोबर लॅब्रेडोर बसून गेला, गावठी कुत्री मोडलेल्या घरांच्या जोत्यांवर बसून राहिली.

मग पोरांच्या ध्यानात आलं की यात धंदा आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागे चालणारा पग आला आणि घरोघरची मुलं पग मागू लागली. त्या चपट्या नाकाने आपल्या उकाड्यात श्वास कसा घ्यायचा, हे जाहिरातीत नव्हतं. पुढे लांब केसांचे हस्की आले, बर्फातले. मेटिंग, लिटर, पेपर असे शब्द गावच्या कट्ट्यावर ऐकू येऊ लागले. पेपर म्हणजे केनेल क्लबचं नोंदणीपत्र. त्यात आई-बाप, आजे-पणजे असतात. त्यांचे खुबे नीट होते का, हे त्यात नसतं. लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचं दुखणं पिढीजात उतरतं, एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. लग्न जमवताना आम्ही एवढी चौकशी करतो, इथे कागद बघून भागवतात.

केंद्र सरकारने मे २०१७मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम काढले. राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, त्याआधी डॉक्टरचा दाखला. वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, जन्मभरात पाचापेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. वाचताना मला आईचा दंडक आठवला. गावाला जे कुत्रीचे दात शिकवत होते, ते आता सरकारला कागदावर लिहावं लागलं.

माझ्या पुतण्याकडे ब्राउनी नावाची लॅब्रेडोर होती. तीन वर्षांत तिची चार वेतं झाली होती. मी बोलायचो, तो हसायचा. नियम निघाल्यानंतर दोन वर्षांनी, ऐन जुलैत, तिला सात पिल्लं झाली. आता कुत्र्यांना भादवा राहिलेला नाही, बंद घरातल्या कुत्र्या कधीही माजावर येतात. एका दुकानवाल्याने बत्तिसाव्या दिवशी दोन नेली, लहान पिल्लू गोजिरं दिसतं म्हणून. चाळिसाव्या दिवशी खारघर, कामोठे आणि कोपरखैरणे इथल्या घरांत एकेक गेलं. दोन घरी राहिली. लस टोचायला एक ओळखीचा माणूस आला होता. डॉक्टर नव्हता, कुठेतरी मदतनीस होता, आणि लसीची बाटली शर्टच्या खिशात घालून आला होता. लस दोन ते आठ अंश थंडीत ठेवावी लागते. वहीवर शिक्का मात्र छान उमटला होता.

चौथ्या दिवशी खारघरवाले पिल्लू घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि डॉक्टर बाईंनी पुतण्याला बोलावून घेतलं. मी बरोबर गेलो. पिल्लू गाडीतच ठेवलं होतं, दवाखान्यात आणू दिलं नव्हतं. हगवणीचं पिल्लू आणायचं तर आधी फोन करायचा, म्हणजे बाकावर बसलेल्यांच्या कुत्र्यांना प्रसाद मिळत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तपासणीत पार्वोच निघाला.

पुतण्या म्हणाला, "मॅडम, यांच्या घरीच लागला असेल. आमच्याकडे सगळं झालंय."

बाईंनी वही बघितली. "रोग शिरल्यापासून दिसायला तीन ते सात दिवस लागतात. चौथा दिवस आहे. बहुधा तुमच्याकडूनच आलाय. आईला लस कधी दिली होती? जंताचं औषध कितव्या दिवशी? बाटलीवरचं लेबल इथे का चिकटवलेलं नाही? खरं सांगा, मला पोलिसात द्यायचं नाहीये, पिल्लू वाचवायचंय."

तेव्हा त्याने एकेक सांगितलं. आईची लस दोन वर्षं झालीच नव्हती. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला द्यायचं असतं, तेही नाही. माझ्याकडे वळून बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही शेतकरी, तुम्हाला चीक माहीत आहे. वासराला चीक पाजला नाही तर काय होतं?" पिल्लाचंही तसंच. आईच्या पहिल्या दुधातून त्याला रोगाशी लढायचं बळ मिळतं. आईच्याच अंगात नसेल तर ती देणार कुठून? आणि त्यात एक मेख आहे. आईचं हे बळ पिल्लात असेतो टोचलेली लस लागू पडत नाही. ते सहा आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत कधीतरी ओसरतं, प्रत्येकाचा दिवस वेगळा. म्हणून लस एकदा टोचून भागत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत द्यावी लागते. एका इंजेक्शनवर 'व्हॅक्सिनेशन झालंय' म्हणून विकणं म्हणजे एक पाणी देऊन भात पिकलं म्हणण्यासारखं.

मग बाईंनी खरं अवघड काम सांगितलं. बाकीच्या घरांना आजच्या आज फोन करा.

घरी आल्यावर पुतण्या मोबाइल हातात धरून बसला. म्हणाला, "काका, सांगितला तर पैसे मागतील. नावपण खराब होईल." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, एकेका पिल्लाचे पंधरा हजार घेतले होते. मी काही बोलायच्या आत वहिनी, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "गावान देवी यायची तवा दाराला लिंबाचा पाला बांधायचे. कशाला? बाहेरच्याला समजावा म्हणून. तू फोन कर."

त्याने केले. कामोठ्याचं पिल्लू आदल्या रात्रीच गेलं होतं. त्या घरातली मुलगी तीन दिवस रडत होती. आपण चिकनचा तुकडा दिला म्हणून ते गेलं असं तिला वाटत होतं. हे फोनवर तिच्या वडिलांनी सांगितलं तेव्हा पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. कोपरखैरणेवाल्यांचं नुकतंच उलटी करायला लागलं होतं, त्याच रात्री त्यांनी सलाइन लावलं, ते वाचलं. खारघरचं पाच दिवस सलाइनवर राहून उठलं. घरच्या दोनातलं एक गेलं. दुकानवाल्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्या दोघांचं काय झालं, ती कुणाच्या घरी गेली, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गावच्या उडवीखाली सहातली चार मेली तरी ती कुणाच्या डोळ्यांसमोर मेली हे माहीत असायचं.

कामोठेवाल्यांना त्याने पूर्ण पैसे परत केले, दवाखान्याचं अर्धं बिल बाकी दोघांना दिलं. नफा कसला, पदरचे गेले. जमीन फिनेलने धूत होता, बाईंनी ते थांबवलं. पार्वो साध्या फिनेलने हटेल याचा भरवसा नसतो. आधी घाण काढून मग ब्लीचिंगचं पाणी, आणि काही महिने त्या जागी नवं पिल्लू आणायचं नाही. पिल्लं बघायला येणाऱ्यांच्या चपला बाहेर काढायला लावा, हेही त्यांनीच सांगितलं. मुळात रोग तसाच एखाद्या चपलेला चिकटून आला असावा.

ब्राउनीचं ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतर दीड वर्ष पुतण्याने काही केलं नाही. पुढचं वेत दुसऱ्या मादीचं, डॉक्टरांचा दाखला घेऊन, नोंदणी करून. पाच पिल्लं झाली. दोन महिने आईजवळच ठेवली, रोज वजन करून वहीत लिहिलं. वजन वाढायचं थांबलं की रोग दिसायच्या आधीच कळतं. दुकानाला एकही दिलं नाही. एक पिल्लू वाशीहून परत आलं, सोसायटीत भांडण झालं म्हणून. त्याने ते मुकाट्याने घेतलं आणि पैसेही दिले. ते आता माझ्याकडे असतं. राखायला खळं नाही, पण मागच्या वाफ्यात चार भेंड्या आहेत, तिथे बसून ते कावळे हाकतं.