बारशापूर्वींची बंदी

पवनीवरून वाहणारी वैनगंगा दक्षिणेस वर्धेला मिळते आणि प्राणहिता हें नांव धारण करते. १९४८ पर्यंत प्राणहितेचा पश्चिम तीर निजामाच्या राज्यांत होता. पवनी ज्या मध्यप्रांतांत होती तेथें १९३७ सालीं, मर्यादित मताधिकारानें कां होईना, निवडलेल्या प्रतिनिधींचें मंत्रिमंडळ नागपुरास अधिकारावर आलें. परतीरावर मात्र मंत्री निजामाला जबाबदार, प्रजेला नव्हे; आणि राजकीय सभा भरवावयाची तर आधीं सरकारची परवानगी लागे.

अशा राज्यांत जबाबदार राज्यपद्धति मागण्यासाठीं १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचें ठरलें. परंतु रीतसर स्थापना होण्यापूर्वींच, सप्टेंबरांत, सरकारनें तिला जातीय ठरवून बंदी घातली. मूल जन्मलें नाहीं तोंच त्याचें नांव गुन्ह्यांत जमा झालें. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. मागोमाग स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगांत गेले. त्याच वेळीं आर्यसमाज व हिंदुमहासभा यांचाही लढा चालू होता, त्यामुळें जातीयतेच्या आरोपाला निमित्त मिळे. गांधीजींच्या सल्ल्यानें डिसेंबरांत सत्याग्रह थांबविण्यांत आला. बंदी मात्र १९४६ पर्यंत उठली नाहीं.

मग आठ वर्षें ही संस्था जगली कशी? ती भाषेच्या आश्रयानें जगली. तेलुगु भागांत आंध्र महासभा होती. मराठवाड्यांत १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषद भरली. कानडी भागांतही परिषद उभी राहिली. मातृभाषेंतून शिक्षण हवें, वाचनालयें हवींत, अशा मागण्यांपासून तेथें आरंभ होई. पण ठराव मांडणें, विरुद्ध मत ऐकून घेणें, बहुमत मानणें, हे लोकशाहीचे पहिले धडे लोकांनीं अशा सभांतूनच गिरविले. संस्था बंद होती. संवय बंद झाली नव्हती. ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठानें ज्यांना काढून टाकलें, त्या विद्यार्थ्यांना पुढें नागपूर विद्यापीठानें प्रवेश दिला. पवनीच्या शेजारचें नागपूर असें या लढ्याच्या उपयोगी पडलें.

जातीयतेच्या आरोपाचें उत्तर १९४८ च्या ऑगस्टमध्यें रक्तानें लिहिलें गेलें. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनीं भारतांत विलीन होण्याचा पुरस्कार केला, म्हणून त्यांचा हैदराबादेंत खून झाला. पुढच्याच महिन्यांत, १३ ते १७ सप्टेंबर या पांच दिवसांत, भारतीय सैन्यापुढें निजामाची सत्ता कोसळली.

तथापि सत्ता कोसळणें आणि लोकांचें राज्य येणें ह्या दोन गोष्टी एका दिवशीं घडल्या नाहींत. आधीं लष्करी अंमल आला, नंतर मुलकी अधिकाऱ्यांचा. प्रौढ मताधिकारानें निवडलेलें मंत्रिमंडळ १९५२ सालीं, बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मुख्यमंत्रिपदाखालीं, अधिकारावर आलें. चौदा वर्षांपूर्वीं जें मागणेंही अपराध होता, तें मतपेटींतून मिळालें. प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर आतां एकच हक्क नांदूं लागला.