रक्तशर्करा नियंत्रणाच्या मोजमापाचा इतिहास आणि केज परिसरातील ऊसतोड कामगार : एक अभ्यास

प्रस्तावना :
मधुमेह हा भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून ज्ञात असलेला विकार आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिलेले असून रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात, हे निरीक्षणही प्राचीन वैद्यांनी नोंदविलेले आहे. मात्र रोग ओळखणे वेगळे आणि तो किती ताब्यात आहे हे मोजणे वेगळे. हे मोजमाप प्रामुख्याने विसाव्या शतकात विकसित झाले. प्रत्येक नव्या चाचणीने रुग्णाच्या आयुष्यातील किती काळ मोजता येतो, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. वर्षातील सुमारे सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या केज परिसरातील ऊसतोड कामगारांच्या संदर्भात तर या प्रश्नाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१. रक्तशर्करा नियंत्रणाच्या मोजमापातील ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्रातील मधुमेहविषयक संशोधनाचा थोडक्यात परामर्श घेणे.
३. स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या संदर्भात या मोजमापाची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

प्रस्तुत लेखासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला असून ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

लघवीपासून रक्तापर्यंत :
इ.स. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने रुग्णाच्या मूत्रातील गोडवा साखरेमुळेच असतो, हे दाखवून दिले. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅनले बेनेडिक्ट याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपले निळे द्रावण तयार केले. लघवीचे काही थेंब टाकून ते उकळले असता साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी रंग येतो. ही चाचणी स्वस्त व सोपी असल्याने दीर्घकाळ वापरात राहिली. परंतु रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. त्यामुळे द्रावण निळेच राहिले तरी रोग ताब्यात आहे, असे म्हणता येत नव्हते.

१९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा रुग्णावर पहिला यशस्वी वापर झाला आणि रक्तातील साखर मोजण्याची निकड वाढली. फोलिन व वू यांच्या पद्धतीने प्रयोगशाळेत हे काम होऊ लागले. १९६० च्या दशकाच्या मध्यास रक्ताच्या थेंबावर चालणारी पट्टी व १९७० मध्ये तिचा रंग वाचणारे यंत्र आले. आजच्या ग्लुकोमीटरचा हा पूर्वज होय. या साधनांनी अचूकता आली, तरी ते मोजमाप क्षणाचेच राहिले. तपासणीपूर्वी दोन दिवस पथ्य पाळणाऱ्या रुग्णाचा अहवाल चांगला येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

तीन महिन्यांची स्मृती :
१९६८ मध्ये तेहरान येथील सॅम्युएल राहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात एका विशिष्ट हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढलेले आढळले. रक्तातील साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून अशा साखरयुक्त हिमोग्लोबिनची टक्केवारी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. हीच एचबीए१सी चाचणी होय. १९७६ मध्ये कोनिग, सेरामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा साखरेच्या नियंत्रणाशी असलेला संबंध स्पष्ट केला. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. एचबीए१सी सातच्या आसपास ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंची हानी लक्षणीयरीत्या कमी होते, हे त्यातून सिद्ध झाले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के ही मर्यादा निदानासाठीही स्वीकारली.

महाराष्ट्रातील संशोधन :
मधुमेह हा बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसांचा आजार, हा समज पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने डळमळीत केला. १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ते ३.५ किलो होते. तरीही पुण्याच्या बालकांच्या कृश देहात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. म्हणजेच शरीर सडपातळ असले तरी धोका टळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मधुमेहाचे प्रमाण ६.५ टक्के होते. याच पाहणीच्या पुढील विश्लेषणात, ज्ञात रुग्णांपैकी केवळ ३१ टक्क्यांच्या आसपास रुग्णांची साखर नियंत्रणात असल्याचे दिसून आले.

केज परिसराच्या संदर्भात :
१९७४ मध्ये अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाल्याने केज परिसराला प्रगत वैद्यकीय सेवा जवळ आली. परंतु येथील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. पती-पत्नीची जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते व एका दिवसाच्या गैरहजेरीचा 'खाडा' धरला जातो. अशा स्थितीत उपाशीपोटी व जेवणानंतर दोनदा रक्त देण्यासाठी दवाखान्यात जाणे म्हणजे मजुरी बुडविणे होय. त्यामुळे हंगामातील साखरेची नोंद सहसा कोठेच राहत नाही.

नेमके येथेच एचबीए१सी चाचणीचे महत्त्व लक्षात येते. तिला उपाशी राहण्याची गरज नाही आणि कामगार कोठेही असला तरी मागील महिन्यांची नोंद त्याच्या रक्तातच साठत जाते. मात्र दोन मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात ही टक्केवारी खोटी वाढू शकते, तर पेशी लवकर नष्ट होणाऱ्या विकारांत ती खोटी घटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. दुसरी मर्यादा अशी की सरासरी ही चढउतार झाकते. औषध घेऊन, अपुऱ्या जेवणावर दिवसभर ऊस तोडणाऱ्याची साखर अचानक घसरण्याचा धोका त्या आकड्यात दिसत नाही.

निष्कर्ष :
१. मोजमापाचा इतिहास हा काही तासांच्या व क्षणाच्या नोंदीकडून महिन्यांच्या नोंदीकडे झालेला प्रवास आहे.
२. बहुतेक चाचण्या एका जागी राहणारा रुग्ण गृहीत धरतात. एचबीए१सी मात्र स्थलांतरिताच्या सोबत जाते.
३. हंगामाला निघण्यापूर्वी एकदा व परतल्यावर पहिल्या आठवड्यातच पुन्हा ही चाचणी व्हावी. अखेरच्या महिन्याचा प्रभाव तीवर सर्वाधिक असल्याने विलंब झाल्यास हंगामाची नोंद पुसट होते.
४. तिच्याबरोबर हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी, अन्यथा विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत उपचाराची दिशा चुकण्याचा संभव आहे.

ज्या मोजमापाने जगातील लक्षावधी रुग्णांची दृष्टी वाचविली, ते फडावरून परतणाऱ्या कामगारापर्यंत वेळेत पोहोचविणे, ही ग्रामीण आरोग्यव्यवस्थेपुढील खरी कसोटी आहे.