सलूनमधील संसर्ग : केवळ पाते बदलणे पुरेसे नाही

दाढीसाठी नवे पाते वापरले की धोका टळला, असा बहुतेक ग्राहकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. देशातील अनेक सलूनमध्ये पात्याचे दोन तुकडे करून त्यातील एक वस्तऱ्याच्या खोबणीत बसवला जातो. पाते बदलले तरी खोबणीत अडकलेले रक्त तसेच राहू शकते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस संसर्गक्षम राहतो आणि डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्याला पुरतो. एचआयव्ही त्या मानाने बाहेर फारसा तग धरत नाही; भीती मात्र त्याचीच अधिक.

सर्वाधिक दुर्लक्षित वस्तू म्हणजे तुरटी. एकच खडा दिवसभर अनेकांच्या ताज्या जखमांवरून फिरतो. कंगवे, टॉवेल आणि केस कापण्याच्या यंत्रांतून गजकर्णाचा प्रसार होतो.

वस्तरा आधी साबणाने घासून धुवावा, मग जंतुनाशकात बाटलीवर नमूद केलेल्या वेळेपर्यंत बुडवून ठेवावा. वाटीतील गढूळ पाण्यात बुचकळून काढणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

हिपॅटायटिस बीवर लस आहे. सीवर ती नाही, पण तो औषधांनी बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. वापरलेले पाते काढताना नाभिकांचीही बोटे कापतात, त्यामुळे प्रौढांसाठीच्या लसीच्या तीन मात्रा त्यांनीही घेणे आवश्यक ठरते.