सूट कुणाला? गणेशखिंड, २२ जून १८९७

प्लेग, रँड आणि चापेकर बंधू यांची गोष्ट मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. त्या गोष्टीतलं एक पात्र मात्र कायम पडद्याआड राहतं. ते पात्र म्हणजे १८७८ चा हत्यारांचा कायदा. शस्त्र कुणी बाळगावं हे माणसाच्या वागणुकीवरून न ठरवता जन्मावरून ठरवलं, तर समाजाचं काय होतं, हे रँडवर गोळी झाडली गेली त्या रात्रीच्या तासातासांत दिसतं. म्हणून हा घटनाक्रम कायद्याच्या जन्मापासून मांडला आहे.

१९ वर्षं आधी (१५ मार्च १८७८)

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा संमत होतो. देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा कायदा आदल्याच दिवशी झालेला आहे. नव्या कायद्यात हत्यारांची व्याख्या ऐसपैस आहे: बंदूक, संगीन, तलवार, खंजीर, भाला, भाल्याचं पातं आणि धनुष्यबाणसुद्धा. अशा व्याख्येत गोंड-कोलामाच्या झोपडीतलं धनुष्यही बसतं. कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि सरकारी अधिकाऱ्यांपासून हत्यार लपवलं तर सात वर्षांपर्यंत.

इथवर हा कायदा कुठल्याही सरकारने करावा असाच वाटतो. खरी गोम २७ व्या कलमात आहे. वाटेल त्या व्यक्तीला किंवा वर्गाला सूट देण्याची मुभा या कलमाने सरकारला मिळते. नियमांतल्या सूटीच्या यादीत युरोपीय येतात, युरेशियन येतात, आणि त्यांच्यासोबत काही संस्थानिक व मानकरी. बाकीच्या हिंदुस्थानाने परवान्यासाठी अर्ज करायचा. काल बोटीतून उतरलेल्या गोऱ्या कारकुनाला जे आपसूक मिळतं, त्यासाठी सात पिढ्या रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या कुणब्याने कचेरीत हात जोडायचे. कलमांत कुठेही कातडीचा रंग लिहिलेला नाही. तो सूटीच्या यादीत आहे.

१८ वर्षं आधी (१८७९)

कायद्याला वर्षही होत नाही तोच वासुदेव बळवंत फडके रामोशांना हाताशी धरून पुणे परिसरात बंड उभारतात. ज्याच्या हातून शस्त्र काढून घ्यायचं म्हणून कायदा केला, त्याच्या हाती ते आलंच. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन वृत्तपत्रांचा कायदा रद्द करतात, हत्यारांचा तसाच राहतो. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेस तो बदलण्याची मागणी करते. सरकार हलत नाही.

१०१ दिवस आधी (१३ मार्च १८९७)

पुण्यात प्लेगने थैमान घातलं आहे. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारीत झाला आहे आणि प्लेग समितीचा प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड शहरात आला आहे. तीनच दिवसांपूर्वी, १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या आहेत. साथ खरी आहे आणि तिला आवर घालणं गरजेचंच आहे. प्रश्न आहे तो कसा घालायचा हा.

त्यासाठी सैन्य निवडलं जातं. आजपासून घरझडती सुरू होते. या कामावर गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई आहेत. माजघरात आणि देवघरात बूट शिरतात. घरातली माणसं ओट्यावर आणून तपासली जातात, बायकासुद्धा. सामान बाहेर फेकलं जातं, जाळलं जातं. तक्रारी होतात, वर्तमानपत्रांत लेख येतात, अर्ज जातात. दाद लागत नाही.

शस्त्रबंदीचा अर्थ पुण्याला या आठवड्यांत कळतो. गावात बंदुका असत्या तर झडत्या थांबल्या असत्या असं मला मुळीच म्हणायचं नाही, तसं झालं असतं तर रक्ताचे पाट वाहिले असते. पण ज्या सरकारने एकोणीस वर्षं ‘तुमच्यावर विश्वास नाही’ हे कायद्याने सांगितलं, त्याचाच शिपाई ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत उंबरा ओलांडतो, तेव्हा त्या शब्दांवर विश्वास कोण ठेवणार?

३४ दिवस आधी (१९ मे)

झडत्या थांबतात. राग थांबत नाही.

७ दिवस आधी (१५ जून)

पुण्यात नुकताच शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला आहे. अफझलखानाच्या वधावर तिथे झालेली भाषणं आज ‘केसरी’त छापून येतात. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात हाच अंक टिळकांसमोर ठेवला जाईल.

२२ जून, मंगळवार

व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा आज साम्राज्यभर आहे. पुण्याचा मुख्य समारंभ गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या बंगल्यात आहे. तोच बंगला म्हणजे आताच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.

चिंचवडच्या हरिपंत चापेकर या कीर्तनकारांची मुलं दामोदर आणि बाळकृष्ण यांनी आजची रात्र ठरवली आहे. दामोदरांना शिपाईगिरीची लहानपणापासून ओढ. लष्करात जाण्याची त्यांची धडपड फळाला आली नाही. त्यांच्या हाती आज जे शस्त्र आहे ते परवान्याविना आहे.

पाच तास आधी (सायंकाळी ७ ते ७.३०)

सूर्य मावळला आहे. दोघे गणेशखिंड रस्त्यावर पोहोचतात. प्रत्येकाजवळ एक पिस्तूल आणि एक तलवार, बाळकृष्णांकडे शिवाय कुऱ्हाड. वाटेत रँडची वाटावी अशी एक गाडी जवळून जाते. खात्री नसल्याने ते ती जाऊ देतात. परतताना गाठायचं ठरतं. जागा आधीच हेरलेली आहे, रस्त्याकडेच्या पिवळ्या बंगल्याजवळची.

चार तास आधी

रोषणाई पाहायला लोकांची झुंबड उडाली आहे. टेकड्यांवर होळ्या पेटल्या आहेत. अंगावर तलवार आणि कुऱ्हाड घेऊन या गर्दीत वावरणं म्हणजे संशयाला आमंत्रण. दोघे ती हत्यारं बंगल्याजवळच्या दगडी मोरीखाली ठेवून देतात. राहतात फक्त कपड्यांत लपणारी पिस्तुलं. हत्यार लपवणाऱ्यासाठी कायद्याने सात वर्षं राखून ठेवली आहेत. फाशीची तयारी ठेवून आलेल्याला त्या सात वर्षांचं भय काय असणार!

तीन तास आधी

बंगल्यात मेजवानी रंगली आहे. आतल्या कुठल्याही गोऱ्या पाहुण्याला शस्त्रासाठी परवाना लागत नाही. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या हजारोंना लागतो. कायद्याने आखलेली रेघ आज रात्री या कुंपणावर डोळ्यांनी दिसते.

हा काही एकट्या हिंदुस्थानातला प्रकार नव्हता. अमेरिकेत गुलामगिरी संपताच, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या काळ्या माणसाला स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली. फ्लोरिडाचा १८९३ चा कायदा सर्वांना सारखा लागू असल्यासारखा लिहिला होता. तो काळ्या मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता आणि गोऱ्यांना लावायचा कधी हेतूच नव्हता, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी १९४१ मध्ये निकालपत्रातच नोंदवलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर १९५६ मध्ये बॉम्ब पडला, त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. कुठे सूटीच्या यादीतून, कुठे परवाना देणाऱ्याच्या मर्जीतून, काम एकच साधलं गेलं.

एक तास आधी

दामोदर बंगल्याच्या फाटकाशी थांबले आहेत. बाळकृष्ण ठरल्या जागी पुढे आहेत. खुणेचा शब्द ठरला आहे: ‘गोंद्या’.

मध्यरात्रीच्या सुमारास

रँडची गाडी फाटकातून बाहेर पडते. दामोदर दहा-पंधरा पावलांचं अंतर राखून तिच्यामागे धावू लागतात. पिवळा बंगला जवळ येताच ते अंतर तोडतात, खुणेची हाक देतात, गाडीचा मागचा पडदा सोडवून वर करतात आणि वीतभर अंतरावरून गोळी झाडतात.

दोघांनीही रँडवरच गोळी झाडायची असं ठरलं होतं. बाळकृष्ण मागे पडतात आणि रँडची गाडी पुढे निघून जाते. मागच्या गाडीतली माणसं कुजबुजताहेत असा त्यांना संशय येतो आणि ते तिच्यातल्या एकाच्या डोक्यात मागून गोळी घालतात. तो लेफ्टनंट आयर्स्ट. तो जागीच ठार होतो. त्याला मारायचा बेत नव्हता.

११ दिवसांनंतर (३ जुलै)

ससून रुग्णालयात रँडचा मृत्यू होतो.

पुढची दोन वर्षं

सरकारला धडा मिळाला होता, तो त्याने उलटा वाचला. पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले. पुण्यातल्या नातू बंधूंना खटल्याविना डांबलं गेलं. २७ जुलैला टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये धाकटे वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी मारलं. त्याच वर्षी मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण पाच दिवसांत फासावर गेले. एका घरातली तीन मुलं संपली. एकाही टप्प्यावर हत्यारांच्या कायद्याने कुणाचा जीव वाचवला नाही.

३३ वर्षांनंतर

३० जानेवारी १९३० रोजी गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मीठ तर त्यांत होतंच, शिवाय स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्या अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या उपासकाने ती करावी, यातच तिचा अर्थ आहे. दुखणं बंदुकीचं नव्हतं, ते अपमानाचं होतं. त्याच वर्षी १० जुलैला यवतमाळ जिल्ह्यात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. जंगलातल्या गवतावरही सरकारची मालकी आणि रयतेला परवाना, हा त्याच साच्यातला अन्याय होता.

आज

वंशावर आधारलेली सूट १९२० च्या नियमांनी कागदावरून काढली. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला. तरी जन्मावरून सूट पुरती गेलेली नाही, कोडगूच्या कोडवा समाजाला ती अजून आहे. याउलट अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम वाचण्यासारखा आहे. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात सरकारने गरज पडल्यास इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात, आणि दलित-आदिवासींना संरक्षणासाठी आवश्यक वाटल्यास परवाने द्यावेत, असं तो सांगतो. इथे समाज पाहिला जातो तो धोका कुणाला आहे हे ओळखण्यासाठी. १८७८ च्या यादीने तो पाहिला होता अधिकार कुणाचा हे ठरवण्यासाठी.

बंदुका कमी असाव्यात, त्यांवर कडक नियंत्रण असावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नियंत्रण न्याय्य आहे की नाही हे शिक्षेच्या कलमावरून कळत नाही. सूट कुणाला आणि परवाना कुणाच्या मर्जीवर, हे पाहावं लागतं. यवतमाळच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, कोलामाने धमकीची तक्रार नेली आणि धमकावणाऱ्याकडे परवान्याची बंदूक असली, तर तिसरा नियम वापरायला प्रशासनाने कचरू नये. कायद्यावर लोकांचा विश्वास बसतो तो तिथे, त्या टेबलावर. तो बसला नाही तर काय होतं, ते पुण्याने पाहिलेलं आहे.